जबड्यातला खुबा

"हाड कुणाचं ते आधी सांगा, मग मी तोंड उघडते."

बुरुल वहिनी हे म्हणाल्या तेव्हा त्यांचं तोंड उघडंच होतं आणि डॉक्टरबाईंची दोन बोटं त्यात होती. राजधानीत, बिश्केकला, दातांच्या दवाखान्यात त्या खुर्चीवर आडव्या पडल्या होत्या. खालच्या जबड्यात एकही दात नव्हता, त्यामुळे त्यांचे शब्द बाहेर येत ते चहात भिजून फुगलेल्या पावासारखे. कडा नसलेले. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतायत?"

"विचारतायत, हाड कुणाचं."

मी त्यांचा धाकटा दीर. माझा मधला भाऊ एसेनकुल गेला त्या दिवसापासून मी वहिनींच्या तोंडाचा दुभाष्या होतो. दुकानात, दवाखान्यात, शेजारणीशी भांडताना. भांडताना माझी पंचाईत व्हायची, कारण शिव्या त्यांच्या असायच्या आणि मार खायची वेळ माझ्यावर यायची.

बुरुल म्हणजे 'वळ'. लागोपाठ मुली झाल्या की आमच्याकडे एकीचं नाव असं ठेवतात, म्हणजे नशीब वळतं. वळलंही. वहिनींच्या पाठीवर भाऊ झाला. त्या म्हणायच्या, "नशीब वळलं खरं, पण वळताना माझ्याकडे पाठ करून वळलं." तरुणपणी त्यांनी सरकारी गोठ्यात गाई पिळल्या, पुढे शाळेच्या फरशा पुसल्या. खालचे दात एकेका बाळंतपणाने नेले. जे उरले ते वाळलेल्या दह्याच्या गोळ्यांनी नेले, कारण ते गोळे चघळायचे असतात हे त्यांना कधी मान्य झालं नाही. त्या ते फोडायच्या.

पण तश-बुलाक गावात त्यांची ओळख गाई किंवा फरशा ही नव्हती. त्या विलाप करायच्या. आमच्याकडे माणूस गेलं की अंगणात युर्त, म्हणजे लोकरीच्या नमद्यांचा गोल तंबू, उभारतात, मयत आत ठेवतात, बायका भिंतीकडे तोंड करून बसतात आणि गेलेल्याला उद्देशून गातात. सगळ्याच गातात. वहिनी गायला लागल्या की मात्र बाहेर लाकडं फोडणारे पुरुष कुऱ्हाड खाली ठेवत. त्या खोटं गात नसत. गिरणीवाला गेला, तो हाताचा आखडता होता. त्याच्या बायकोशेजारी बसून वहिनींनी गायलं, 'आता तुमच्या घरी चहात दूध कोण मोजील, थेंब चुकला तर रात्रभर कोण जागेल.' त्याची बायको आधी चिडली आणि मग अशी रडली की तिला धरावं लागलं. त्या थेंबावाचून तिला तो माणूस आठवलाच नसता.

एसेनकुल गेला तेव्हा वहिनी स्वतःच्या नवऱ्यासाठी गायला बसल्या. आमच्याकडे सून सासरच्या पुरुषांची नावं घेत नाही, मेलेल्यांचीही नाही. त्याला त्या 'घोड्याआधी उठणारे' म्हणत. तो खरंच उठायचा. अंधारात जाऊन घोड्याशेजारी उभा राहायचा, घोड्याला लाज वाटेपर्यंत. वहिनींनी त्याचं सगळं आयुष्य गायलं आणि शेवटाकडे आल्या. 'घोड्याआधी उठणारे, आज घोडा तुमच्याआधी...' एवढं म्हटलं आणि त्यांची खालची कवळी उडाली.

ती नमद्यावर पडली. मयताच्या पायाशी. हसत.

मग एका म्हातारीने आपला रुमाल काढून कवळीवर अंथरला, मयताच्या तोंडावर अंथरतात तसा. वहिनींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाहेरून पुरुषांनी खाकरून सांगितलं, वेळ झाली. मयत उचललं. त्या ओळीतला शेवटचा शब्द राहिला तो राहिलाच. शब्द काय होता ते सगळ्यांना ठाऊक होतं, शेंबडं पोरही सांगेल. पण ठाऊक असणं म्हणजे म्हटला जाणं नव्हे.

त्यानंतर वहिनी कुणाच्या मयताला गायल्या नाहीत. कवळी बसेचना. गोंद लावला, कापूस लावला, एकदा मी टायरच्या रबराचा तुकडाही कापून दिला. हनुवटीवर बोट ठेवून त्या म्हणत, "अर्धे ते अजून इथे आहेत. त्यांना बाहेर काढल्याशिवाय मला मरता यायचं नाही."

हे असंच राहिलं असतं. पण आमच्या थोरल्या भावाने, शामेनदादाने, आपली आश जिवंतपणीच घालायची ठरवली.

आश म्हणजे माणूस गेल्यावर वर्षाने घालतात ती मोठी जेवणावळ. दादाचा मुलांवर विश्वास नव्हता. "ही पोरं शहरातली," तो म्हणाला. "माझ्या आशला दुकानातले तयार मांडे आणतील. आणि मी तिथे नसणार, म्हणून कुणाची जीभ उचलणार नाही." जुन्या काळी थोर लोक असं जिवंतपणी करत, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. मग त्याच्या लक्षात आलं की जेवण आहे, घोडे आहेत, पाहुणे आहेत, पण विलाप कोण गाणार? मेल्यावर कोण काय गातं ते मेलेल्याला ऐकू येत नाही ही त्याच्या मते देवाच्या कारभारातली एक ढिलाई होती, आणि ती दुरुस्त करण्याची संधी चालून आली होती.

तो वहिनींच्या घरी आला. थोरला दीर आणि भावजय आमच्याकडे समोरासमोर बोलत नाहीत. मधे कुणीतरी लागतं. मी बसलो.

"हिला विचार," दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "माझ्या आशला गाईल का."

"थोरल्यांना सांगा छोटे मिर्झा," वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "की आधी मरा म्हणावं."

छोटे मिर्झा म्हणजे मी. मला नातवंडं आहेत, पण वहिनींच्या तोंडी मी छोटा मिर्झाच.

"काय म्हणाली?" दादाला खरंच कळलं नव्हतं.

"म्हणतात, दात नाहीत."

"मग दात बसवू. पक्के बसवू. हाडात रोवतात म्हणे हल्ली, कुंपणाच्या खुंटासारखे. माझी करडी घोडी विकतो. सांग तिला."

वहिनींनी वाडग्यातला चहा संपवला. मग हनुवटीवर बोट ठेवलं. मला कळलं, त्या दादाच्या आशचा विचार करत नव्हत्या.

"थोरल्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "घोडी चांगली होती."

असे आम्ही बिश्केकला आलो होतो. डॉक्टरबाईंचं नाव चिनारा. तरुण होत्या, आवाज शांत होता. त्यांनी पडद्यावर वहिनींचा जबडा दाखवला. कडेने बघितलेला नदीचा काठ असावा तसा. मागे बरा होता, पुढे खचत खचत पेन्सिलीएवढा.

"खुंट रोवायला उंची हवी, आजी. इथे उंचीच नाही. आधी हाड वाढवावं लागेल, ते मुरू द्यावं लागेल, मग खुंट."

"गेलं कुठे हाड?"

"दात गेले, हाडाला काम उरलं नाही. ज्या हाडाला काम नसतं ते शरीर हळूहळू खाऊन टाकतं."

वहिनींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "विचारा त्यांना, मग थोरल्यांचं डोकं अजून कसं शिल्लक आहे?"

हे मी सांगितलं नाही.

हाड वाढवायचं म्हणजे आणून ठेवायचं. चिनाराबाईंनी कपाटातून एक लहान बाटली काढली. तळाशी पांढरे दाणे. गाईच्या हाडाचे, भाजून शुद्ध केलेले. वहिनींनी बाटली दिव्यासमोर धरली. गाय कुठली, कुठल्या कुरणातली, तिला कुणी कापलं, कापताना अल्लाचं नाव घेतलं का? डॉक्टरबाईंना बाटलीवर एवढंच सापडलं की ती थंड जागी ठेवावी.

"मी जन्मभर गाई पिळल्या," वहिनी म्हणाल्या. "आता गाय माझ्या तोंडात बसून मला पिळणार. नको."

दुसरं हाड माणसाचं होतं. मेल्यावर लोक देतात, ते साफ करून ठेवलेलं असतं. तेव्हाच वहिनींनी ते वाक्य म्हटलं होतं, हाड कुणाचं ते आधी सांगा. नाव सांगता येत नाही म्हटल्यावर त्या उठूनच बसल्या.

"बाई गं, मी मयतांना गाणारी. ज्याला कुणी गायलं की नाही तेच माहीत नाही असा माणूस माझ्या जबड्यात ठेवू? मी एकासाठी तोंड उघडायची आणि हा आतून आपल्यासाठी रडायचा."

मी हे सगळं नीट सांगितलं. चिनाराबाई हसल्या नाहीत, हे मला आवडलं. खरं तर तुमच्यासाठी तिसरंच बरं, असं म्हणाल्या. एवढी उंची वाढवायची तर बाटलीतल्या दाण्यांनी भागायचं नाही, सलग तुकडा हवा. तुमचंच हाड. खुब्याच्या काठावरून काढायचा, जबड्यावर बारीक स्क्रूंनी बसवायचा, वरून हिरडी शिवून टाकायची.

"माझं?"

"तुमचंच."

"ते मी ओळखते," वहिनी म्हणाल्या आणि परत आडव्या झाल्या.

तारीख ठरवून आम्ही गावी आलो आणि मी दादाला सगळं सांगितलं. खुबा हा शब्द ऐकताच त्याने वाडगा खाली ठेवला.

आमच्या जेवणावळीत मेंढीच्या प्रत्येक हाडाला धनी ठरलेला असतो. पाहुण्यापुढे ताट येतं ते त्याच्या मानाच्या हाडाचं. वयस्क बाईला माकडहाड, जावयाला छाती, सुनांना आपलं काही तरी. खुबा घरातल्या सगळ्यात थोर पुरुषाला. चुकून दुसऱ्याच्या ताटात गेला तर सोयरिकी मोडतात. आमच्या पलीकडच्या गल्लीत दोन घरं एका खुब्यावरून अजून एकमेकांच्या दारावरून जात नाहीत, आणि ज्या मेंढीचा तो खुबा होता तिची नातवंडंसुद्धा आता खाऊन झाली.

"खुबा माझा," दादा म्हणाला.

"दादा, तो वहिनींच्या अंगात आहे."

"मेंढीचाही मेंढीच्या अंगातच असतो. कापला की मान ठरतो." त्याने दाढी कुरवाळली. "आपल्या कुळात खुबा कापला जाणार आणि तो बाईच्या तोंडी जाणार. लोक काय म्हणतील? शामेन जिवंत असताना?"

त्याने गावातली म्हातारी मंडळी बोलावली. चहा झाला, तळलेले पीठगोळे झाले. एकजण म्हणाला, माणसाला खुबे दोन असतात, एक कापला तर दुसरा शामेनच्या मानाला शिल्लक राहतो, प्रश्न कुठला? दुसरा म्हणाला, मान उजव्याचा असतो, म्हणून डावा कापावा. तिसरा म्हणाला, बाई डाव्या कुशीवर झोपते, तिला त्रास होईल. मी मधेच म्हणालो, बाजू डॉक्टर ठरवतात. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी म्हटलं, नमाजाची दिशा डॉक्टर ठरवतात.

शेवटी तोडगा दादानेच काढला. आमच्याकडे वडीलधारा आपल्या मानाच्या हाडावरचं थोडं खाऊन उरलेलं प्रेमाने धाकट्याला देतो. ते उष्टं नव्हे, आशीर्वाद असतो. तर दादा तो खुबा रीतसर स्वीकारील आणि आपल्या हाताने वहिनींना देईल. कुळाचा मान राहील, वहिनींचा जबडाही राहील.

"पण खाणार थोडं?" मी विचारलं.

"मूर्ख आहेस. नुसता हात लावीन."

कळप उन्हाळी कुरणावरून खाली उतरले त्या आठवड्यात आम्ही पुन्हा बिश्केकला गेलो. दादा पुढच्या सीटवर, डोक्यावर उंच पांढरी टोपी, गुडघ्यांवर हात धुवायचं पितळी तांब्या-तस्त. वहिनी मागे. वाटेत घाटात त्या एवढंच बोलल्या, "छोटे मिर्झा, गाडी बेतानं. यजमान पुढे बसलेत आणि मेंढी मागे."

दवाखान्याच्या बोळात दादाने चिनाराबाईंना आपली अट सांगितली. हाड काढलं की तबकात घालून दारापर्यंत आणायचं, मी हात लावीन, दुवा देईन, मग घेऊन जायचं. डॉक्टरबाई ऐकत राहिल्या.

"बाबा, त्या हाडाला तुम्ही हात लावलात तर ते टाकून द्यावं लागेल."

"मी हात धुतो," दादा म्हणाला आणि तांब्या वर केला.

"तरीही."

दादाचा चेहरा उतरला. तो एवढा म्हातारा मला कधी दिसला नव्हता. डॉक्टरबाईंना दया आली असावी. म्हणाल्या, तुम्ही इथूनच दुवा द्या, दारातून. आत्ताच द्या. मग दादाने बंद दारासमोर दोन्ही तळवे उघडले, मोठ्याने म्हटलं, "हा खुबा माझा आहे, तो मी माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला देतो, तिचं तोंड आबाद राहो," आणि हात तोंडावरून फिरवले. बाकावर बसलेले अनोळखी लोकही, सवयीने, तोंडावरून हात फिरवून मोकळे झाले. एकाचा गाल सुजलेला होता, त्याने हलकेच फिरवला.

हाड उजव्या बाजूचं काढलं. कुणाला विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात वहिनींनी रस्सा प्यायला आणि इतरांना चावताना बघितलं. कवळी घालायला बंदी होती. काठी घेऊन चालायच्या, उजवा पाय ओढत. लोक विचारायचे, कुठे दुखतं? "काय सांगू," त्या म्हणायच्या, "दात बसवायला गेले आणि लंगडी होऊन आले. आता चालताना वाटतं दातच दुखतोय." मग दुभाष्याचं काम मला. अर्धं गाव हसायचं, अर्धं विचारात पडायचं. विचारात पडणारं अर्धं जास्त वाईट होतं. मशिदीतून बाहेर पडताना एकाने मला गंभीरपणे विचारलं की कयामतच्या दिवशी सगळी हाडं आपापल्या जागी परत जाणार, तेव्हा वहिनींना आधी बोलता येईल की आधी उभं राहता येईल?

आणि दादा गावभर सांगत हिंडायचा, माझं हाड तिच्या तोंडात आहे. सुरुवातीला तो 'मी दिलेलं हाड' म्हणायचा. बर्फ पडेपर्यंत 'दिलेलं' गळून गेलं. कुठल्याशा लग्नाच्या बोलणीत तो म्हणाला, "माझं म्हणणं बुरुललाही मान्य असणार, शेवटी बोलणार ती माझ्याच हाडावरून." नवीन वर्षाच्या सुमारास तो स्वतःही किंचित लंगडायला लागला होता. उजव्या पायाने.

कोकरं जन्मली त्या दिवसांत चिनाराबाईंनी पुन्हा चित्र काढलं. खचलेल्या काठावर भर चढली होती. जुनं हाड कुठे संपतं आणि खुबा कुठे सुरू होतो ते नीट दिसेनासं झालं होतं. वहिनी पडद्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"मुरलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता हे खुब्याचं नाही, जबड्याचं."

"हे थोरल्यांना लिहून द्याल का?" वहिनींनी विचारलं.

खुंट रोवले. तेही मुरू दिले. उन्हाळा सरता सरता त्यांवर दात चढले, पक्के, स्क्रूने कसलेले. चिनाराबाईंनी आरसा दिला आणि म्हणाल्या, काहीतरी बोला आजी. वहिनी आरशात बघत राहिल्या. ओठ हलले, पण त्या थांबल्या.

"पहिला शब्द ठरलेला आहे," त्या म्हणाल्या. आणि हे वाक्य असं स्वच्छ, असं कडा असलेलं बाहेर आलं की मी दचकलो. माझी नोकरी गेली होती.

"आणि पहिला घास?" डॉक्टरबाईंनी हसून विचारलं.

"माझ्या मानाचा. तोपर्यंत रस्सा."

गावी आल्यावर वहिनी स्वतः दादाकडे गेल्या. मी मधे बसलो, पण नावालाच. प्रत्येक अक्षर खोलीभर ऐकू येत होतं.

"थोरल्यांना सांगा, त्यांच्या आशला गाईन. करडी घोडी विकलीये, विसरले नाही. पण आधी माझी राहिलेली ओळ. युर्त असेल, माणसं असतील. घोड्याआधी उठणाऱ्यांचा तेवढा एक शब्द म्हणू दे, मग दिवसभर यांनाच गाते."

"एकट्यानं नाही का म्हणता येत तिला तो शब्द?" दादा मला म्हणाला. "घरी. भिंतीपाशी."

"एकटीनं म्हटलं तर ते पुटपुटणं," वहिनी म्हणाल्या. "विलापाला ऐकणारे लागतात. घरच्या भिंतीला मी पाच वर्षं म्हणतेच आहे."

दादाने डोकं हलवलं. "सांग तिला, आश माझी. एसेनकुलची होऊन गेली. माझ्या दिवशी दुसऱ्या मेलेल्याचं नाव नको." त्याला आपण काय बोललो ते कळलं नाही. "आणि हाड कुणाचं आहे? माझ्या हाडाचा पहिला आवाज मला. हे साधं आहे."

वहिनींनी रुमाल नीट केला आणि त्या उठल्या. मला वाटलं, मान्य झालं.

आशच्या दिवशी आमच्या अंगणात युर्त उभी राहिली. तिन्ही खोऱ्यांतून पाहुणे आले. नदीपलीकडचे लोक रिवाजाप्रमाणे घोड्यावर रडत दौडत आले आणि दारात दादाच उभा दिसल्यावर त्यांना रडणं आवरता येईना आणि चालूही ठेवता येईना. एक म्हातारा घोड्यावरून उतरून दादाच्या गळ्यात पडला.

"गेलास रे शामेन, फार वाईट झालं."

"काय करणार, आयुष्य एवढंच," दादा म्हणाला. "या, बसा. चहा घ्या."

आत मयताला ठेवतात त्या जागी जाड गादी घातली होती. दादा तिच्यावर बसला, टोपी सरळ केली आणि मेल्यासारखा गंभीर झाला. पुरुष कडेने बसले, बायका दाराकडच्या अंगाला. वहिनी बायकांत सगळ्यात वडील, पहिल्या जागी. नवीन काळं मखमली जाकीट, पांढरा रुमाल. ओठ मिटलेले.

मांस आलं. दादाच्या जावयाने ताटं फिरवली. दादापुढे खुबा, मोठा, चरबीने चमकणारा. एकेकाला त्याचं त्याचं हाड गेलं. माकडहाडाचं ताट घेऊन जावई बायकांकडे वळला आणि वहिनींपुढे वाकला. मी वहिनींचे हात बघितले. त्यांनी बाह्या मागे सारल्या होत्या. वर्षभर नुसता रस्सा प्यायलेल्या बाईचे हात.

"तिला नको," दादा गादीवरून म्हणाला. "तिचा मान तिला मागच्या वर्षी दवाखान्यात पोचला. आणि कुणाला मिळाला नाही असा. खुबा! एका माणसाला दोन हाडं होत नाहीत. ते तिच्या पलीकडच्या म्हातारीला दे."

लोक हसले. हिशोब चोख होता, म्हणून हसले. जावयाने ताट पुढे सरकवलं. वहिनींपुढे नुसत्या कांद्याच्या चकत्यांची एक बशी राहिली.

जेवण झालं. दादाच्या खुब्यावरचं अर्धं मांस तसंच होतं. त्याने सुरी पुसली, पाठ ताठ केली, डोळे मिटले.

"सांग तिला," तो मला म्हणाला. "आता गाऊ दे."

युर्तमध्ये असं सामसूम झालं की बाहेर बांधलेल्या घोड्यांचे लगाम वाजलेले ऐकू आले. बायकांनी रुमाल हातात घेतले. वहिनी उठल्या. भिंतीकडे तोंड करून बसायला हवं होतं. त्या तशा बसल्या नाहीत. उजवा पाय ओढत त्या पुरुषांच्या बाजूने, सगळ्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत, थेट गादीपर्यंत गेल्या. एवढ्या वर्षांत सून त्या जागेपर्यंत गेलेली कुणी बघितली नव्हती. दादाने एक डोळा उघडला.

त्या वाकल्या. त्याच्या ताटातला खुबा दोन्ही हातांनी उचलला आणि चावला. हाडाजवळचं, चिवट, दादाने टाकलेलं मांस. दात रुतल्याचा आवाज मी ऐकला. त्यांनी मान झटकून तुकडा तोडला, घोड्यासारखा, आणि सावकाश चावायला लागल्या. कुणी हललं नाही. मागे एक म्हातारी हुंदके द्यायला लागली; कुणासाठी, ते मी आजवर तिला विचारलेलं नाही.

वहिनी वळल्या. हातात हाड तसंच.

"बुरुल!" दादा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो मला वगळून त्यांच्याशी बोलला होता. "बुरुल, अगं हाड माझं आहे! ठेव ते! आणि शब्द? माझा शब्द?"

त्या माझ्याजवळून गेल्या. जबडा चालत होता, खाली-वर, घट्ट, काहीही न निसटता. दाराशी त्यांनी मोकळ्या हाताने नमद्याचा पडदा उचलला, वाकल्या, आधी डावा पाय बाहेर टाकला, मग उजवा ओढून घेतला, आणि काही न बोलता निघून गेल्या.